मदत हवी आहे: ११ वर्षांच्या मुलाचं हृदय उजवीकडे, घरचे दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणार. त्याआधी काय काय उरकून घ्यावं?

उपकेंद्र_बालाघाट

मी उपकेंद्रावर काम करते. माझ्याकडे आलेला बीड जिल्ह्यातला मुलगा, वय ११, वजन २६ किलो, बसल्या जागी ऑक्सिजन ९६. ओला खोकला बारमाही, नाकही बाराही महिने वाहतं, डावा कान अधूनमधून फुटतो. पूर्ण दिवसांचा जन्मला, तरी श्वास लागला म्हणून पाच दिवस काचेच्या पेटीत होता. आई ही वडिलांच्या मामाची मुलगी. थुंकी क्षयासाठी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह.

गेल्या आठवड्यात खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला. त्यात हृदयाचं टोक उजवीकडे. फिल्मवर बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर नाही, कोपऱ्यात पेनाने ‘एल’ लिहिलेला आहे. ईसीजीत लीड १ (दोन हातांमधली नोंद) उलटी, आणि मशीनने स्वतःहून खाली हृदयविकाराच्या झटक्याची शंका छापली आहे! घरचे घाबरलेत. गावात ‘उलट्या काळजाचं लेकरू’ अशी कुजबूज सुरू झाली.

प्रश्न असे: हे खरंच आहे की फिल्म उलटी लागली? खरं असेल तर कुठल्या तपासण्या आणि कुठल्या क्रमाने? खोकल्याचा याच्याशी संबंध आहे का? हाताशी तीनेक आठवडे आहेत. त्यानंतर लेकरू आईबापासोबत कारखान्यावर, ते थेट उन्हाळ्यात परत.

मांजराकाठ

ताई, एक्स-रेमध्ये डायाफ्रामच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) खाली जठरातल्या हवेचा गोल काळा फुगा दिसतो, तो कुठल्या बाजूला आहे ते बघा. डावीकडे असेल तर फिल्म बरोबर, उजवीकडे असेल तर फिल्म उलटी.

लेड_ॲप्रन

मांजराकाठ, इथेच गफलत होते. फिल्म उलटी लावली की हृदय, फुगा, यकृत सगळं एकदम उलटतं. अवयवांची संपूर्ण उलट मांडणी असलेल्या माणसाची सरळ फिल्मही हुबेहूब तशीच दिसते. त्यामुळे फुग्यावरून ‘फिल्म उलटी की माणूस उलटा’ हे ठरत नाही. फुगा कामाला येतो तो पुढच्या पायरीला.

आधी हात वापरा. मुलाला उताणं झोपवून पाचव्या बरगडीखालच्या फटीत दोन्ही बाजूंना बोटं ठेवा. ठोका कुठे लागतो? मग बरगड्यांच्या खालच्या कडेवर बोटाने ठोकून आवाज ऐका. यकृतावर मठ्ठ आवाज येतो, जठरावर ढोलासारखा पोकळ. ठोका उजवीकडे, मठ्ठ आवाज डावीकडे आणि पोकळ उजवीकडे असेल तर फिल्म सरळच आहे. याला एक रुपया लागत नाही.

तरी एक्स-रे पुन्हा काढून घ्या, कारण हा कागद त्याला जन्मभर लागणार आहे. उभा, पीए (किरण पाठीकडून छातीकडे), शिशाचं अक्षर एक्स-रे मारण्याआधी लावलेलं. नंतर पेनाने किंवा संगणकावर टाकलेलं अक्षर म्हणजे फक्त टाकणाऱ्याचं मत. तिथे शिशाचं अक्षर हरवलेलं असेल (बहुतेक ठिकाणी हरवलेलंच असतं) तर मुलाच्या डाव्या खांद्यावर चिकटपट्टीने एक पेपरक्लिप लावा आणि तसं रिपोर्टवर लिहून घ्या. डिजिटल मशीनवर आणखी एक फसगत आहे. पीए काढलेला एक्स-रे एपीच्या (छातीकडून पाठीकडे) खात्यात गेला की प्रतिमा आरशासारखी उलटू शकते. शिवाय ‘हृदय उजवीकडे म्हणजे चुकलं’ असं समजून कोणीतरी फ्लिपचं बटण दाबतं आणि खरी फिल्म खोटी करून देतं. म्हणून चिठ्ठीवर ठळक लिहा: ‘उलट मांडणीची शंका, प्रतिमा फिरवू नये.’

फिल्म सरळ आहे हे ठरल्यावर फुग्याकडे या. हृदय उजवीकडे आणि फुगाही उजवीकडे, यकृत डावीकडे: संपूर्ण उलट मांडणी, सायटस इन्व्हर्सस टोटॅलिस. हृदय उजवीकडे पण फुगा नेहमीसारखा डावीकडे: नुसता डेक्स्ट्रोकार्डिया, आणि हा जास्त काळजीचा. यकृत मधोमध आडवं पसरलेलं किंवा काहीच ताळमेळ लागत नाही: हेटरोटॅक्सी, तोही काळजीचा. चौथी शक्यता म्हणजे हृदय मुळात जागेवरच होतं, पण उजवं फुप्फुस आक्रसल्याने ओढलं गेलं किंवा डावीकडच्या पाण्याने ढकललं गेलं. त्यात टोक अजून डावीकडेच वळलेलं असतं. जुना खोकला असलेल्या लेकरात ही शक्यता विसरू नका.

लिंबाचा_पार

ईसीजीबद्दल. मशीनने छापलेलं निदान बाजूला ठेवा. ती हृदय डावीकडे आहे असं गृहीत धरून वाचते.

लीड १ उलटी येण्याची नेहमीची कारणं दोन. एक, हाताच्या वायरी अदलाबदल झाल्या, आणि हे रोज कुठे ना कुठे होतं. दोन, खरा डेक्स्ट्रोकार्डिया. दोन्हींत लीड १ मध्ये पी, क्यूआरएस, टी या तिन्ही लाटा खाली आणि एव्हीआरमध्ये (उजव्या हाताच्या लीडमध्ये) वर, म्हणजे हातापायाच्या लीड्सवरून फरक कळत नाही. छातीच्या लीड्स बघा. व्ही१ पासून व्ही६ कडे जाताना आर लाट (वर जाणारं उंच टोक) नेहमीसारखी वाढत गेली तर वायरी चुकल्या. वाढण्याऐवजी बारीक होत गेली तर हृदय उजवीकडे आहे.

पक्कं करायला दुसरा ईसीजी काढा. आपल्याकडच्या मशीनला लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला असते. ती बदला: लाल डाव्या मनगटाला, पिवळी उजव्या मनगटाला. हिरवी-काळी पायाला आहेत तशा राहू द्या, हिरव्या-काळ्याने चित्र फारसं बदलत नाही. छातीवर व्ही१ उरोस्थीच्या डाव्या कडेला चौथ्या फटीत, व्ही२ उजव्या कडेला, आणि व्ही३ ते व्ही६ आरशात दिसावं तसं उजव्या छातीवरून काखेकडे. आता पट्टी सरळ आली की काम झालं.

पट्टीवर पेनाने ‘उजव्या बाजूच्या लीड्स, हातांच्या वायरी मुद्दाम बदलून’ असं लिहायला विसरू नका. नाहीतर पुढचा डॉक्टर ‘नॉर्मल’ वाचून मोकळा होईल. दोन्ही पट्ट्या फाईलला लावा. थर्मल कागद वर्ष-दोन वर्षांत कोरा पडतो, म्हणून झेरॉक्सही.

गोदाकाठ

आता खोकल्याकडे. ताईंनी दिलेल्या माहितीत माझ्या मते हृदयापेक्षा मोठी गोष्ट तीच आहे.

अवयव संपूर्ण आरशासारखे उलटे असतील तर हृदय तिथे बसून आपलं काम नीट करतं. ढोबळमानाने आठ-दहा हजारांत एक माणूस असा असतो आणि कित्येकांना ते कळतही नाही. हृदयात जन्मजात दोष असण्याचं प्रमाण सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त असलं तरी बहुतेकांचं हृदय आतून ठीक असतं. उलट, फुगा डावीकडे आणि फक्त हृदय उजवीकडे असेल तर बहुतेकांत आत गुंतागुंतीचा दोष सापडतो. म्हणून ईको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्हींत हवाच, पण घाई किती करायची ते फुगा सांगतो.

मात्र पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मतःच श्वास लागणं, बारमाही ओला खोकला, बारमाही वाहतं नाक, फुटणारा कान आणि उलटे अवयव हे पाच एकत्र आले की प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया (पुढे पीसीडी म्हणतो) डोक्यात यायलाच हवा. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते लयीत हलून कफ वर ढकलतात. पीसीडीत ते हलत नाहीत किंवा वेडेवाकडे हलतात, आणि कफ तिथेच साठतो. याचा अवयवांशी संबंध काय? गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असेच केस फिरून द्रव एका बाजूला वाहवतात, आणि त्या प्रवाहावरून डावं कुठलं, उजवं कुठलं ते ठरतं. केसच हलले नाहीत तर बाजू नशिबावर पडते, नाणं उडवल्यासारखी. म्हणून पीसीडी असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचेच अवयव उलटे असतात. उलट बाजूने मोजलं तर संपूर्ण उलट मांडणी असलेल्यांपैकी चार-पाचांत एकाला पीसीडी असतो. उलटे अवयव, जुनं सायनस आणि श्वासनलिका कायमच्या फुगलेल्या (ब्रॉन्किएक्टेसिस) या त्रिकुटाला कार्टाजेनर सिंड्रोम म्हणतात. मानेस कार्टाजेनर यांनी ते १९३३ मध्ये मांडलं.

आजार बहुधा अप्रभावी जनुकांनी येतो, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. मामा-आत्याच्या लग्नांत ती जुळण्याची शक्यता वाढते. हे आईबापाला सांगताना दोष देण्याच्या सुरात सांगू नका. दर बाळंतपणात चारात एक, एवढंच सांगायचं.

आणि भावंडं बघितली का? त्यांचा एक्स-रे काढून ‘हृदय डावीकडे, म्हणजे हे ठीक’ असं करू नका. वर म्हटलं तसं निम्म्यांचे अवयव सरळच असतात. भावंडांना विचारायचं ते खोकल्याबद्दल आणि कानाबद्दल.

क्रम असा ठेवा. आधी ईको आणि पोटाची सोनोग्राफी, एकाच फेरीत. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पोट’ लिहिलं तर रिपोर्टही तसाच येईल. प्रश्न लिहून द्या: यकृत आणि पित्ताशय कुठल्या बाजूला? प्लीहा आहे का, एक की अनेक, कुठल्या बाजूला? महाधमनी आणि खालची महाशीर कुठल्या बाजूला, आणि ती शीर थेट हृदयात जाते की वळसा घेऊन? प्लीहाबद्दल आग्रह धरा. प्लीहा नसेल किंवा अनेक तुकड्यांत असेल तर ती हेटरोटॅक्सी. ताप आला की लगेच दवाखाना, न्यूमोकोकसच्या (न्यूमोनियाच्या एका जंतूच्या) लसी आणि रोजचं पेनिसिलिन हे सगळं ठरवावं लागतं. रक्ताच्या स्लाईडवर हॉवेल-जॉली बॉडीज (तांबड्या पेशींतले गोल ठिपके) दिसल्या की प्लीहा काम करत नाही असं समजायचं.

त्यानंतर थुंकीचं कल्चर (जंतू वाढवून बघणं), कानाची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं). ११ वर्षांचं लेकरू फुंकू शकतं. सीटी स्कॅन पहिल्याच दिवशी नको. डॉक्टरला ब्रॉन्किएक्टेसिसची शंका आली तर कमी डोसचा. नाकातल्या नायट्रिक ऑक्साईडची मोजणी (पीसीडीत ते फार कमी भरतं) आणि जनुक चाचणी मोठ्या शहरांतल्या निवडक ठिकाणीच होते. त्यासाठी उपचार अडवून ठेवू नका.

क्षयाबद्दल एकच सांगतो. ब्रॉन्किएक्टेसिसची सावली क्षयासारखी वाटते, आणि ‘खोकला जात नाही’ म्हणून अंदाजाने सहा महिन्यांची औषधं सुरू होतात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) करून घ्या. पॉझिटिव्ह आलं तरच, किंवा डॉक्टरने नीट तपासून ठरवलं तरच.

उपकेंद्र_बालाघाट

सगळ्यांचे आभार. ठोका उजवीकडे लागतो, मठ्ठ आवाज डावीकडे. छातीच्या लीड्स पुन्हा बघितल्या. आर लाट बारीक होत जाते. धाकट्या बहिणीलाही (६ वर्षं) बारमाही खोकला आहे. तिचा ठोका डावीकडे, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

ईकोसाठी कुठे पाठवू? आणि कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीत) लाईट नसते, तिथे नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) चालणार नाही. कफाचं काय करायचं?

गोदाकाठ

ईकोसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चिठ्ठी घ्या. १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात. ती चिठ्ठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रावर चालते आणि तिथून पुढचा संदर्भ मिळतो. बीडच्या बाजूने अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. निघण्याआधी फोन करून मुलांचा ईको कोणत्या वारी होतो ते विचारा, नाहीतर एक रोज बुडतो आणि हाती नुसती तारीख पडते. दोन्ही लेकरं एकाच खेपेत न्या. रेशनकार्ड, आधार सोबत.

कफासाठी वीज नसली तरी चालेल. ‘बबल पेप’ म्हणतात ती बाटली करा. एक-दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली, तळापासून १० सेंटीमीटर पाणी (पट्टीने मोजून बाहेरून खूण करा), ८ ते १० मिलिमीटर आतल्या व्यासाची, साधारण ४०-५० सेंटीमीटर लांब नळी, तिचं टोक तळाला टेकेपर्यंत बुडवलेलं. बाटलीचं तोंड उघडंच ठेवा, झाकणात घट्ट बसवलं तर हवा कोंडते. नळी त्याहून बारीक घेतली तर दाब भलताच वाढतो. सलाईनची नळी म्हणूनच चालत नाही.

पाठ सरळ ठेवून, गाल न फुगवता, नाकाने श्वास घेऊन नळीतून संथ बुडबुडे काढायचे, दहा वेळा. मग तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ सोडल्यासारखं दोन-तीनदा ‘हाऽऽ’, आणि मग खोकून कफ बाहेर. असे पाच-सहा फेरे, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. बाटली आणि नळी रोज साबणाने धुऊन वाळवा, पाणी रोज ताजं. थुंकीत रक्त आलं किंवा छातीत एकाएकी कळ आली तर बंद करून दवाखाना. पहिल्यांदा तुमच्यासमोर करून घ्या. मुलं बुडबुडे जोरात काढायला बघतात आणि पाणी गिळतात.

झोपवून कफ काढायच्या स्थिती शिकवणार असाल तर तक्ता आरशात धरा. नेहमीचं तीन खणांचं उजवं फुप्फुस या मुलात डावीकडे असतं. या आजारात मधला खण लवकर बिघडतो. तक्त्यात त्यासाठी उजवी बाजू वर करून झोपवतात, याला डावी बाजू वर. बहिणीला मात्र तक्ता आहे तसाच.

खोकला दाबणारी सिरप बंद. याला खोकलाच तारतो आहे. सर्दीच्या गोळ्यांनी कफ घट्ट होतो, त्याही नकोत. फ्लूची लस दरवर्षी. चूल कोपीच्या बाहेर, आणि पाचट जाळतात तेव्हा दोघांना लांब ठेवा. कारखान्यावर जायच्या आधी डॉक्टरकडून लिहून घ्या की थुंकीचा रंग हिरवा झाला, ताप आला तर कोणतं औषध, किती दिवस.

भूल_थाप

एक कार्ड करून द्या, ते सगळ्यात आधी. हे लेकरू सहा महिने अनोळखी गावांत राहणार.

अपेंडिक्स डावीकडे असल्याने दुखणं डाव्या ओटीपोटात येतं आणि कोणाच्या डोक्यात अपेंडिक्स येत नाही. वरून घोळ असा की काही जणांत अवयव उलटले तरी दुखणं उजवीकडेच जाणवतं. म्हणून पोटात एक दिवसापेक्षा जास्त दुखलं, ताप-उलटी असली तर बाजू न बघता सोनोग्राफी. हिरवी उलटी झाली तर तासही थांबू नका. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो.

छाती दाबायची वेळ आली तर उरोस्थीच्या मधोमधच, नेहमीसारखी. शॉकचे पॅड मात्र आरशासारखे: एक डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं उजव्या काखेखाली. भूल देताना श्वासाची नळी जास्त आत गेली तर नेहमी उजव्या फुप्फुसात जाते, इथे डाव्यात. आवाज उजवीकडे बंद होईल.

कार्डाचा मजकूर:

‘संपूर्ण उलट मांडणी (सायटस इन्व्हर्सस टोटॅलिस). हृदय उजवीकडे. यकृत, पित्ताशय, अपेंडिक्स डावीकडे. प्लीहा उजवीकडे, संख्या ___. ईको तारीख ___, निष्कर्ष ___. पीसीडीची शंका: खोकला दाबणारं औषध देऊ नये. ईसीजी उजव्या बाजूच्या लीड्सने काढावा. एक्स-रे फिरवू नये.’

पाठीमागे हेच इंग्रजीत. टोळी कर्नाटकात जाणार असेल तर एक ओळ कन्नडमध्येही. लॅमिनेट करून एक मुलाच्या दप्तरात, एक आईकडे, फोटो बापाच्या आणि मुकादमाच्या फोनमध्ये.

मांजराकाठ

माझा फुग्याचा मुद्दा चुकला, मान्य. अवांतर: अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ९९ व्या वर्षी वारलेल्या एका बाईंच्या देहदानानंतर, २०१८ मध्ये विद्यार्थ्यांना शवविच्छेदनात कळलं की पोटातले अवयव उलटे आणि हृदय मात्र डावीकडे. घरच्यांना धीर द्यायला सांगता येईल.

गोदाकाठ

सांगा, पण ईको झाल्यावर. आधी सांगितलं तर ‘त्या बाईचं काही बिघडलं नाही’ म्हणून ईको राहून जाईल. आणि गावातल्या कुजबुजीला उत्तर द्यायचं तर लेकरासमोरच द्या. त्याच्याच बोटांनी त्याला त्याचा ठोका दाखवा. ईको ठीक आला तर पळणं, खेळणं, पोहणं काहीच बंद नाही. पुरुषांत पीसीडीमुळे शुक्रजंतूंची शेपटी हलत नाही, मूल होण्यात अडचण येऊ शकते. ते तो मोठा झाला की. आज त्या घरात हा विषय काढू नका.

उपकेंद्र_बालाघाट

सोनोग्राफी झाली: यकृत, पित्ताशय डावीकडे, प्लीहा एकच, उजवीकडे, महाशीर थेट हृदयात. नवा एक्स-रे पेपरक्लिप लावून, फुगा उजवीकडे. दोघांचा ईको येत्या गुरुवारी. बाटली दोघांना शिकवली. मुलीचा कफ पहिल्याच दिवशी बराच निघाला. कार्ड छापायला टाकते आहे, काही बदल?

लेड_ॲप्रन

एकच. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ सगळीकडे ‘रुग्णाच्या डाव्या बाजूला’, ‘रुग्णाच्या उजव्या बाजूला’ असं करा. समोर उभा राहून वाचणाऱ्याचं डावं वेगळं असतं. आणि बहिणीचं कार्ड वेगळं छापा: ‘अवयव नेहमीच्या जागी, पीसीडीची शंका.’ भावाच्या कार्डाची झेरॉक्स तिच्या दप्तरात जायला नको.